रीळखात्यातली जागा

मुंबई,
ता. २८ ऑक्टोबर १९३१

ठकूअक्का, पाया पडते.

दसऱ्याला तुझ्याकडनं कोण आलं नाय, निरोप पण नाय, तवा म्हटलं आपणच लिहावं. मी बोलते आन आमच्या चाळीतला सयाजी लिहितो. आपल्या पोलादपूरकडचाच पोरगा हाय. मी बोलताना थांबत नाय म्हणून वैतागतो. वैतागू दे.

काम असं हाय. आमच्या गिरणीत मी रीळखात्यात असते, सूत रिळावर चढवायचं काम. तिथं माझ्या बाजूची बाई शिमग्याला गावी जाणार ती कायमची. आमच्यावर नायकीण असते, तिनं हो म्हटलं तर बाईला काम, नाय म्हटलं तर घरचा रस्ता. ती मला म्हणाली, आवडे, तुझी कोण असली तर आण, पण शिकवून आण, कच्चं माणूस मला नको. मी म्हटलं, हाय माझी. माझ्या दत्तारामची बायको.

अक्का, तुझा पोरगा माझ्या मांडीवर गेला. शेवटाला काय बोलला ते तुला तवाच सांगितलं होतं, परत सांगते. "मावशे, बनूला कोणाच्या तुकड्यावर ठेवू नको. तिला काम शिकव." आजवर किती बाया मी माझ्या खोलीत बसवून शिकवल्या आन खात्यात लावल्या, सगळ्या परक्या. आपली तेवढी राहिली. ते मला रोज टोचतं.

काम जड नाय, नाजूक हाय. रीळ फिरत असतं, सूत तुटलं की दोन टोकं धरून गाठ मारायची. गाठ तिळाएवढी हवी. वाकून बघायला टाइम नसतो, बोटानंच बघायचं. म्हणून हात मऊ लागतो. खरखरीत हाताला सूत अडकतं. पहिल्या दिवशी नायकीण नव्या बाईच्या तळव्यावरनं सूत ओढून बघते, अडकलं की तिथनंच परत.

तुमच्या वाडीतला भागोजी गावाला येतोय. त्याच्यासंगं खराब सुताचा पुंजका धाडलाय. तो स्वतः साच्यावर, म्हणजे मागावर, काम करतो, गाठ दाखवील. बनूनं रोज बसून सराव करायचा. शिमग्यापर्यंत तेवढं तिला चुन्यात, राखेत, गवतात हात घालू देऊ नको. संध्याकाळी खोबरेल चोळ. एवढं माझं ऐक.

तुझी आवडी

·

वरची वाडी, पेटा पोलादपूर,
ता. १७ नोव्हेंबर १९३१

आवडीला ठकूचा आशीर्वाद.

दिवाळी झाली. तू कसली केलीस कोण जाणे, आम्ही केली म्हणायची.

हे लिहितेय कोण म्हणशील, तर हीच, बनू. माहेरी, नाते गावच्या शाळेत तिसरीपर्यंत शिकलीय. बापानं शिकवून ठेवली, आमची पत्रं लिहायला तरी कामाला आली. मी सांगते ते जसंच्या तसं लिही, असं तिला दरडावलंय. काय गाळलंस तर खालच्या गावच्या मास्तराकडनं वाचून घेईन, मग बघ.

तर लिही. बनू आळशी हाय. लिहिलंस? बनू पांढऱ्या पायाची हाय. लग्न होऊन आली आन माझा दत्ताराम मुंबईला गेला तो गेलाच. लिही गो, कागदावर रडतेस काय, शाई पसरंल.

सूत मिळालं. भागोजीनं ओटीवर बसून गाठ दाखवली. बनूला दुपारपर्यंत आली, खोटं कशाला बोलू. भागोजी म्हणाला, ही पोर चालेल. माझी रखमा पण बाजूला बसून शिकते. रखमा तुला ठाऊक हाय ना? माझी लेक, तुझी भाची. नवऱ्यानं दुसरी केली आन हिला माझ्या दारात आणून सोडली. तुझ्या एवढ्या लांब पत्रात तिचं नाव कुठं आलं नाय. आठवलं नसेल. मुंबईत माणूस विसरतं.

हात मऊ लागतो ऐकून मी पोट धरून हसले. आपल्या आईचे हात विसरलीस? निखारा उचलून चुलीत टाकायची. गवत उभं हाय, कापायला माणूस नाय. तेवढं ती कापील. गवत काय वाघ हाय?

ठकू

·

मुंबई,
ता. ९ डिसेंबर १९३१

अक्का, पाया पडते.

तुझं पत्र सयाजीनं वाचलं. "पांढऱ्या पायाची" वाचताना तो थांबला, मीच म्हटलं वाच पुढं. ज्या पोरीला लिहायला लावलंस तिच्या जिवाला काय वाटलं असेल? दत्तारामला छातीचा ताप होता. त्यात बनूचा काय दोष? ती तर तिकडं तुझं भात झोडत होती.

गवताचं ऐकलं. त्या गवताला करवतीसारखी धार असते. मी सासरी कापलंय, मला सांगू नको. हात चिरतात, आन चिरलेला हात सुताला चालत नाय. हसण्यासारखं काय हाय त्यात? नायकीण हसणार नाय.

रखमाबद्दल तू बोललीस ते समजलं. अक्का, जागा एकच हाय. रखमाला आई हाय, बनूला कोण हाय? तिचा बाप पण आता गेला म्हणतात. रखमाचं पुढच्या खेपेला बघू. मी मेल्याला शब्द दिलाय, तो फिरवता येत नाय.

गाठीचं एक सांग तिला. टोक लांब ठेवायचं नाय, नखानं खुडायचं. दातानं तोडलेलं नायकिणीला खपत नाय. आन मान वर ठेवून सराव कर म्हणावं. कोणाशी तरी बोलत बोलत गाठ मारता आली पाहिजे.

कापलंच असलं गवत, तर आता पुरे कर.

आवडी

·

वरची वाडी,
ता. २० जानेवारी १९३२

आवडीला आशीर्वाद.

तुझा शब्द ऐकला. मेल्याला दिलेला शब्द फिरवता येत नाय, पण जित्या भाचीला पुढच्या खेपेवर ढकलता येतं. बरं. मोठ्या गिरणीतली माणसं तुम्ही. तुमचं ज्ञान मोठं.

गवत पुरे केलं. तुझं ऐकलं बघ. मग घराचा कूड मोडलेला, त्या भिंतीला कारवीच्या काठ्या हव्या होत्या, त्या तोडायला हिला डोंगरावर धाडली. कूड उभा राहिला, त्याला शेणमाती लावायला कोण? मी म्हातारी. रखमाचा हात दुखतो. मग हिनंच लावली. देवळाच्या ओट्याला चुना करायचा ठरला. घराघरातनं एक माणूस हवं, आमच्या घरातनं हीच गेली. गावकीला नाय म्हणता येतं काय? तूच सांग.

आता रडते. हाताला भेगा पडल्या म्हणते. दाखवते मला. मी म्हटलं, दाखव मावशीला, लिही पत्रात. लिही, भेगा पडल्या. गाठ मारायला बसली की सूत भेगेत अडकतं आन तांबडं होतं. रखमाचं सूत पांढरंशुभ्र राहतं. तिला मी पाण्यात हात घालू देत नाय, तिच्या हाताला खोबरेल चोळते. तूच लिहिलं होतंस ना चोळ म्हणून?

टोक नखानं खुडायचं ते बनूनं रखमाला दाखवलं. शिकवायला बरी हाय. स्वतःला काय येईना झालंय.

संक्रांतीला तिळगूळ धाडला नाय. गोड बोलायचं काय राहिलंय आपल्यात?

ठकू

·

मुंबई,
ता. १ फेब्रुवारी १९३२

अक्का,

पाया पडायचं राहू दे या वेळी. मी रागात हाय.

सयाजी मला म्हणाला, मावशी, पहिल्या पत्राचं अक्षर मोत्यासारखं होतं, या पत्राचं कोंबडीनं उकरल्यासारखं झालंय. त्यानं दोन्ही कागद माझ्यापुढं धरले. मला अक्षर वाचता येत नाय पण बघता येतं. तू त्या पोरीचे हात कामातनं घालवतेस. मुद्दाम करतेस. मी तुझी बहीण हाय, तुझ्या पोटातलं मला नाय कळणार तर कोणाला?

तुला माझा राग असेल तर माझ्यावर काढ. रखमाला मी टाकलेली नाय. एक वर्ष थांब, तिला माझ्या खोलीत ठेवून शिकवीन, लावीन. देवाशप्पथ सांगते. पण या घडीला बनूला सोड. तिला दुसरं काय नाय. ही जागा गेली तर ती जन्मभर तुझ्या चुलीपुढं.

नायकीण परवा विचारत होती, तुझं माणूस कसं हाय. मी म्हटलं हुशार हाय, गाठ पक्की हाय. ती म्हणाली शिमगा झाला की आण, मी जास्त थांबणार नाय.

तवा आजपासून भेगांवर औषध लाव. तूप लाव, मेण लाव, तुला जे ठाऊक असेल ते लाव, पण लाव. उशीर करू नको. तुझ्या पाया पडते बघ, शेवटी पडलेच.

आवडी

·

वरची वाडी,
ता. १९ फेब्रुवारी १९३२

आवडीला आशीर्वाद.

तू सांगितलंस, औषध लाव, तुला ठाऊक असेल ते लाव. मला एकच ठाऊक. बिब्बा. पायाच्या भेगांना आपल्या घरात दुसरं काय लावलंय कधी? आपल्या आज्यानं लावला, बापानं लावला. बिब्बा सुईला टोचला, दिव्यावर धरला, तेल सुटलं ते गरम गरम तिच्या भेगांत सोडलं. दोन्ही हातांना. बोटांच्या पेरापेरात. हात आखडता घेतला नाय मी. मुंबईची मावशी म्हणते उशीर नको, मग कशाला उशीर?

तो उतला. एखाद्याला उततो, एखाद्याला नाय, त्याला मी काय करू? हात सुजून सुपाएवढे झाले, फोड आले, फुटले. तोंड पण सुजलं, डोळे बारीक झाले. शेजारची तुळजाबाई मला म्हणाली, ठकू, हाताला कधी कोण बिब्बा लावतं काय, पायाचं कातडं जाड असतं. मी म्हटलं, माझ्या बहिणीनं लेखी कळवलंय.

आता खोबरं चावून लावतो. सूज उतरतेय. बोटं मिटत नायत नीट. हे पत्र ती लेखणी मुठीत धरून लिहितेय, उखळात मुसळ धरावं तशी. चार ओळींना अर्धी दुपार गेली. मला पण कंटाळा आला सांगायचा.

लिही गो, मावशीचं औषध लावलं.

ठकू

·

मुंबई,
ता. ८ मार्च १९३२

ठकूअक्का, पाया पडते. तुझं पत्र मिळालं. झालं ते झालं, नशिबाचा खेळ. तुझ्यावर माझा राग नाय.

बनू, इथनं पुढं मोठ्यानं वाचू नको. मनात वाच. अक्का समोर बसली असेल, तिच्याकडं बघू नको. मोठ्यानं वाचायचं ते शेवटी लिहिते.

माझ्या पोरी, मी "औषध लाव" लिहिलं आन तुझे हात जळले. ते पत्र तूच तिला वाचून दाखवलं असशील. माझं मला तोंड दाखवावंसं वाटत नाय. पण आता रडायला टाइम नाय, तू पण रडू नको.

नायकिणीला मी खरं सांगितलं. सगळं सांगितलं. ती कडक हाय, पण बाई हाय. म्हणाली, आण तिला, सूज उतरेपर्यंत तुझ्या खोलीत बसव, तोवर मी जागेवर बदलीची बाई चालवते. बिब्ब्याचं कातडं जातं, खालनं नवं येतं. नवं कातडं मऊ असतं बघ. म्हणून भिऊ नको.

भागोजी शिमग्याला गावी येतोय. पालखी देवळात परत बसली की दुसऱ्या दिवशी सकाळी तो मुंबईला निघेल. तू त्या सकाळी कळशी घेऊन पाण्याला जाते म्हणून निघ. तशीच खाली पोलादपूरला ये. मोटारीच्या अड्ड्यावर भागोजी असेल, त्याला मी सांगून ठेवते. महाडवरनं धरमतर, तिथनं लाँच. धक्क्यावर मी उभी असेन. कपडे घेऊ नको, संशय येईल. माझी लुगडी हायत.

आता हे मोठ्यानं वाच: मावशीला खोकला लागलाय, छाती भरलीय. कुळथाचं पीठ धाडा. आन नायकिणीनं रीळखात्यातली जागा दुसऱ्या बाईला दिली, आता बनूला पाठवू नका. सगळ्यांना आशीर्वाद.

आवडी

·

मुंबई,
ता. ३० मार्च १९३२

अक्का,

मी काल धक्क्यावर गेले होते. लाँचमधनं भागोजी उतरला आन त्याच्या मागं रखमा उतरली. मला म्हणाली, मावशे, आईनं धाडली. भागोजीला विचारलं तर म्हणतो, ठकूमावशी म्हणाल्या आवडीमावशीचा बेत बदललाय, मला काय ठाऊक?

बनू कुठाय? जिती हाय ना? तेवढं लिही.

आवडी

·

वरची वाडी,
ता. ८ एप्रिल १९३२

आवडीला आशीर्वाद.

जिती हाय. जाईल कुठं?

तुझा खोकला नाय हे कळून बरं वाटलं. मी काळजीत होते.

तुझं ते पत्र आलं तवा बनूनं मला वाचून दाखवलं. खोकला, कुळथाचं पीठ आन जागा गेली. बरोबर वाचलं, अडखळली पण नाय. मी भोळी, मी खरं मानलं. पण जागा दुसरीला दिली ऐकून माझं डोकं फिरलं. म्हटलं परकीला देतेस आन माझी रखमा घरात बसलीय? बनूला म्हटलं, घे कागद, लिही, आवडे, नायकिणीच्या पाया पड आन माझ्या पोरीला घे. तर हिला लेखणी धरवेना, जखमा सुकता सुकता बोटं आखडलीत. मुठीत पण धरवेना. पडायची. मग मी पावट्याच्या शेंगांची पाटी आन तुझं पत्र घेतलं आन खालच्या गावात मास्तरांकडं गेले. मास्तर म्हणाले, उत्तर द्यायचं तर आधी आलेलं पत्र वाचलं पाहिजे. त्यांनी वाचलं. मी बसून ऐकलं.

घरी येऊन मी तिला काय कळू दिलं नाय. शिमगा केला, पोळ्या केल्या, तिला पण वाढल्या. खाल्ल्या तिनं. खूश दिसत होती. दत्ताराम गेल्यापासून पहिल्यांदा हसताना बघितली.

त्या सकाळी रखमाला घेऊन मी अंधार जायच्या आत अड्ड्यावर पोचले. तिला मोटारीत भागोजीच्या बाजूला बसवली आन वडाखाली उभी राहिले. बनू आली. हातांना फडकी गुंडाळलेली, कळशी काखेत. रखमाला बघितलं आन जागच्या जागी उभी राहिली. मग मला बघितलं. मी म्हटलं, मावशीनं तुझ्या जागी रखमाला बोलवलंय. तुझे हात गेले, नायकीण तुला नको म्हणते. ती म्हणाली, मावशीनं तसं लिहिलंय? मी म्हटलं, लिहिलंय, मास्तरांनी वाचून दाखवलं. मास्तरांचं नाव घेतल्यावर तिनं परत विचारलं नाय.

मोटार गेल्यावर पण ती तिथंच उभी होती. मी हाक मारली तवा आली. येताना नदीवर थांबून कळशी भरली, रिकामी आणली नाय. आता गुरं घेऊन जाते. त्याला बोटं लागत नायत. तुझं नाव काढलं तर उठून जाते.

तू मला मनातनं शिव्या देत असशील. दे. पण एक सांग आवडे, नवऱ्यानं टाकलेली लेक मी मेल्यावर कोणाच्या दारात बसणार होती? तुला मेलेल्याचा शब्द दिसला, मला जिती पोर दिसत होती. मी तुझ्यापुढं दोनदा पदर पसरला. तू म्हणालीस पुढच्या खेपेला. आता रखमा तुझ्या दारात हाय. तिला परत धाडशील तर धाड, पण मग त्या जागेवर कोण परकी जाईल, आन बनूला त्याचा काय उपयोग? नायकिणीला तिच्या तळव्यावरनं सूत ओढून बघू दे. कुठं अडकायचं नाय. बनूनंच शिकवलीय.

रखमाला तिखट सोसत नाय, तेवढं बघ.

तुझी बहीण ठकू

ता. क. लिहिणार मुरारी मास्तर यांचा आपणांस नमस्कार. मजकूर बाईंच्या सांगण्याप्रमाणे शब्दशः उतरवला आहे. आपल्यासारखी कष्टकरी स्त्री गावाकडील निराधार भगिनींना धंदेशिक्षण देऊन कामास लावते, हे आपल्या पत्रांवरून समजले आणि फार समाधान वाटले. आपला उपक्रम असाच चालू राहो. बाईंच्या सुनेचे हात अधू असल्यामुळे आपली पत्रे यापुढे शाळेच्या पत्त्यावर, माझ्या नावे पाठवावीत. ती मी बाईंना स्वतः वाचून दाखवीन. पत्रातली एकही ओळ गाळायची नाही, असा माझा प्रथमपासूनचा नियम आहे.